शाझलीच्या एका वाक्याच्या तीन प्रती

६ नोव्हेंबर, सकाळ
मी बोलते ते फोन लिहितो. तारीखही तोच घालतो. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.
काल कालवण करपलं. विसरले नाही, डोक्यात जागा करत होते. माझी नात उन्स इथे स्फाक्स बंदरात एका कंपनीचा डेटाबेस सांभाळते. माहिती तीन गावांतल्या तीन मशीनवर वाटलेली, तरी एकाची मेमरी रोज भरते आणि ते आडवं होतं. मग जी माहिती बरेच दिवस कोणी विचारली नाही, ती बाहेर काढतात. आजपासून माझंही तसंच.

७ नोव्हेंबर
भाच्यांच्या पोरांची नावं बाहेर काढली. हलकं वाटलं. दुपारी त्यांतलाच एक आला. गॅसवाला समजून त्याच्या हाती रिकामं सिलिंडर दिलं. निमूट बदलून आणलं त्याने. गुणी आहे, कोण का असेना.

९ नोव्हेंबर, दुपारी ३
एक वाक्य मात्र बाहेर जाणार नाही. अकरा वर्षांपूर्वी बोटीवर जाताना माझा नवरा शाझली दारात म्हणाला, "माझ्यासाठी जेवायची थांब." बोट परत आली नाही. मी रोज चारपर्यंत थांबते. अडीचच्या सुमारास पायरीवर ओले पाय वाजतात. दार उघडावं, तर पायरी कोरडी.
उन्स ओरडते, अगं आजी, साखर उतरून पडशील एक दिवस! डॉक्टर म्हणतो, बाराला जेवा. त्याचं काय जातंय? त्याच्याकडे कोणी यायचं नाहीये.

११ नोव्हेंबर
आज फरशी फार जवळून बघितली. पडले नाही, बसले. जरा जोरात.
हे वाक्यच जागा खातंय. उन्सला विचारलं, असल्या जड मालाचं काय करता गं? म्हणाली, तीन ठिकाणी प्रती ठेवतो. जुळल्या नाहीत तर दोघी सांगतील ते खरं, तिसरीने मुकाट दुरुस्त व्हायचं. पटलं. एक प्रत बहिणीला, जमीलाला दिली, एक शेजारच्या नझीहाला. एका लग्नाच्या जेवणातल्या कुसकुसवरून त्या दोघी सहा वर्षं बोलत नाहीत. संगनमताची भीतीच नाही.

१५ नोव्हेंबर
नझीहाकडे पडताळायला गेले. दारात जमीलाच्या सपाता होत्या. म्हणजे तसल्याच, बाजारात ढीग मिळतात. आत उन्स. मीठ मागायला आले म्हणाली, हातात कॉफी.
नझीहा म्हणाली, शाझली म्हणाला होता, तू जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस. मी म्हटलं, अगं भवाने, मीच तुला सांगितलं, तो थांब म्हणाला! ती म्हणाली, मग विचार जा जमीलाला. संध्याकाळी विचारलं. जमीलानेही शब्दन् शब्द तेच सांगितलं आणि वर रडली.
दोघी विरुद्ध एक. नियम मीच मान्य केलेला. मी काही हट्टी बाई नाही.

१७ नोव्हेंबर
बाराला जेवले. मासळीचं सूप, भाकर. अडीचला पायरी वाजली नाही. तीनलाही नाही. उशीर झाला असेल.

२० नोव्हेंबर, दुपार
साखर उत्तम. डॉक्टर खूश. उन्सने दोन्ही गालांचे मुके घेतले. पायरी चौथ्या दिवशीही गप्प.
मग डोळे मिटून मीच शाझलीला दारात उभं केलं. लाल टोपी, खांद्यावर जाळं, सगळं जागच्या जागी. तोंड उघडलं आणि नझीहाच्या आवाजात म्हणाला, "तू जेवून घे."
पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा नझीहाच.
त्याच्या आवाजाची प्रत मी कुणालाच दिली नव्हती.