पासष्टपर्यंत हरकत नाही

दिल्ली, गुरुवार, दुपार

चि. सौ. संध्या हिस,

हिलालदादाचे भरघोस आशीर्वाद. मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो आहे, आणि तुला सगळ्यात आधी जे वाचायचं असेल ते लिहून टाकतो, मी जमिनीवर आहे. तुझा गुडघा कसा आहे? पपईला पाणी सोडलंस का? तुझ्या जाऊबाईंना सांग, दिल्लीत थंडी आहे, पण त्यांनी बळजबरीने पिशवीत कोंबलेला स्वेटर मी अजून घातलेला नाही. (घातला आहे. त्यावर मफलरही आहे. पण हे धनूला सांगू नकोस, बायको वर्षभर ऐकवेल.)

फोन का केला नाही, असं विचारशील. एक तर मी नवनीतच्या इथल्या बिऱ्हाडी आहे, तो पलीकडच्या खोलीत झोपला आहे आणि माझा फोनवरचा आवाज लोणखेड्याहून शहाद्यापर्यंत फोनशिवायही जातो, हे तुला ठाऊक आहे. दुसरं म्हणजे, तपासणीचा अहवाल लेखी द्यायचा असतो. तेहतीस वर्षं एसटी चालवली, एकाही अपघाताची नोंद नाही, छातीवर बिल्ला लावून शाल-नारळ घेतलेला माणूस मी. तोंडी कारभार मला जमत नाही.

तू दिलेली कामगिरी आधी लिहून काढतो, म्हणजे पुढे वाद नको. नवनीतला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला आणि माझ्या धाकट्या भावाला, येत्या एकतीस जानेवारीला साठ पूर्ण होतात. कंपनीने विचारलंय, साठीला थांबणार, की नियमात बसतं तसं पासष्टपर्यंत विमान चालवणार? तो कागद दोन महिने त्याच्या बॅगेत आहे. तू विचारलंस की म्हणतो, ‘बघू.’ (आपल्या घराण्यात ‘बघू’ या शब्दावर तीन लग्नं मोडली आहेत.) इकडे लोणखेड्याचं घर बांधून दोन वर्षं झाली, ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्यास आणि एकीवर तू बसतेस, दुसरीवर मांजर. श्रावणात कानबाईच्या सणाला रोटाच्या पोळ्यांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजतात, तसे नवनीतचेही चौतीस वर्षं मोजतो आहोत, दळतो आहोत, आणि रोट घरच्यांनीच संपवायचा असल्यामुळे त्याचा वाटा खातो मी. (डॉक्टर माझ्या वजनाचं कारण विचारतात. काय सांगू?) तेव्हा तू म्हणालीस, दादा, तुम्हीच त्याला सांगा, तो तुमचंच ऐकतो. यावर मी तुला जे बोललो ते आजही खरं मानतो. चालकाचा हात बघितल्याशिवाय त्याला गाडीवरून खाली उतरवणं हा अन्याय आहे. आधी त्याच्या गाडीत बसायचं, त्याला न कळवता, तपासनीस घाटात अचानक चढतात तसं. त्यावर तू आधी डोक्याला हात लावलास आणि मग मोबाइलवर सुरत ते दिल्ली त्याच्याच विमानाचं तिकीट काढलंस. बाई म्हणून तू थोर आहेस.

तर बुधवारी नंदुरबारहून गाडीने सुरत. विमानतळाच्या दारात यंत्राखालून गेलो तर ते किंचाळलं. बिल्ला! कोटाच्या आतून काढून दाखवला, तेहतीस वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगितला, पण मागच्या माणसांना घाई होती. पुढे बसमधून विमानापाशी नेलं. आता तू मला ओळखतेस. टायरला लाथ मारून बघितल्याशिवाय मी जन्मात गाडीत बसलेलो नाही. सगळे शिडीकडे निघाले, मी पुढच्या चाकाकडे निघालो. चार पावलं गेलो नाही तोच एका पोराने अशी शिट्टी फुंकली की आख्खी रांग माझ्याकडे वळली. मी त्याला शांतपणे समजावलं की हवा बघतो आहे. तो म्हणाला, अंकल, हवा आम्ही बघितली. मी म्हटलं, मग हरकत नाही, आणि मानाने शिडी चढलो. टायर मात्र लांबून बघितले. चांगले होते.

बसल्याबरोबर स्पीकरवर आवाज. ‘नमस्कार, मी कॅप्टन नवनीत पाटील.’ संध्या, अंगावर काटा आला. ज्याला मी तापीच्या काठावर सायकलच्या नळीवर बसवून फिरवायचो, ज्याने पहिल्याच दिवशी माझा ट्रॅक्टर थेट विहिरीच्या काठापर्यंत नेला, तो शंभर-दीडशे माणसांना सांगतो आहे, निश्चिंत बसा. आणि माणसं बसली! शेजारी सुरतचे एक साड्यांचे व्यापारी होते, त्यांना मी सांगितलं, धाकटा भाऊ आहे. त्यांनी पट्टा घट्ट केला.

हात बघायची माझी पद्धत तुला माहीत नसेल. शहादा-तोरणमाळ गाडीवर मी बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचो. वर पोचेपर्यंत किती सांडलं त्यावर त्या दिवसाचा हात कळायचा. (माझा कंडक्टर सुकराम ते पाणी तोरणमाळला पोचल्यावर प्यायचा, आणि पेला अर्धा निघाला तर दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही.) म्हणून विमान वर स्थिर झाल्यावर मी त्या मुलीकडून पेला मागवला आणि काठोकाठ भर म्हटलं. तिने विचारलं, एवढं भरून पिणार कसं? मी म्हटलं, प्यायचं नाही, तपासणी आहे. पेला समोरच्या फळीवर ठेवला आणि तासभर त्याच्याकडे बघत बसलो. एक थेंब नाही! अर्थात वर खड्डे नाहीत, गतिरोधक नाहीत, म्हशी नाहीत, तेव्हा यात फार मोठा पराक्रम नाही, हेही मी अहवालात नमूद केलं आहे. खरी परीक्षा उतरताना.

उतरताना फळी बंद करायला लावतात. पेला मी दोन गुडघ्यांमध्ये धरला, वर मफलर टाकला. (म्हणजे मफलर तेव्हाच गळ्यात होता, हेही धनूला सांगू नकोस.) खाली दिल्लीची धुरकट हवा, दिवे दिसायला लागले, घरं दिसली, रस्त्यावरच्या गाड्या दिसल्या. विमान थोडं डुललं, सावरलं, आता टेकणार, टेकलंच, असं म्हणेपर्यंत एवढा मोठा आवाज झाला आणि नाक वर करून ते पुन्हा आभाळाकडे निघालं! आख्खा पेला साड्यांच्या व्यापाऱ्यांच्या मांडीवर. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी बायकोचं. मी मात्र, खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी ओरडलो, ‘अरे, स्टॉप मांगे ऱ्हायना!’ तेहतीस वर्षांची सवय. मग स्पीकरवर नवनीतचा तोच संथ आवाज, की जरा पुन्हा फिरून येतो, काळजीचं कारण नाही. दहा-बारा मिनिटांत दुसऱ्यांदा आलो, आणि या वेळी असं टेकलं की व्यापाऱ्यांनी ओल्या धोतरानिशी टाळ्या वाजवल्या.

आता यातलं मर्म ऐक, कारण हे विमानातल्या दीडशे माणसांत फक्त मला कळलं. तोरणमाळच्या घाटात काही वळणं अशी आहेत की गाडी एका दमात बसली नाही तर कच्चा चालक काय करतो? रेटतो. मागे घ्यायची लाज वाटते, कारण छपरावरची माणसंसुद्धा हसतात. पक्का चालक ब्रेक मारतो, गाडी मागे घेतो, आणि वळण पुन्हा घेतो. हसणारे हसू देत, घरी तर पोचतात. जमिनीला हात लागायची वेळ आली असताना ज्याला ‘नाही, पुन्हा’ म्हणता येतं, त्याला मी म्हातारा म्हणत नाही. मी तिथेच खुर्चीवर अहवाल लिहिला: ‘हात स्थिर. नजर शाबूत. घाई नाही. लाज नाही. पासष्टपर्यंत हरकत नाही.’ खाली सही, बिल्ला क्रमांक.

उतरताना दारात हा टोपी घालून उभा, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करतो आहे. मला बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. ‘दादा, तू आठे काय करी ऱ्हायना?’ मी म्हटलं, ‘तुन्ही परीक्षा लेवाले उनू. पास व्हयना तू.’ आणि सगळ्यांदेखत पाठीवर थाप मारली. शेजारी उभी असलेली त्याची जोडीदारीण पायलट गालात हसत होती. गाडीत मी त्याला अहवालाचं सांगितलं नाही. आता तो उठला की देणार.

संध्या, तुला हे आवडणार नाही, हे मला कळतं. तू मला त्याला थांबवायला पाठवलंस आणि मी त्याला पाच वर्षांचा परवाना देऊन बसलो. मलाही तो यायला हवा आहे. चौतीस वर्षांत आम्ही भाऊ सलग आठ दिवस एका घरात राहिलेलो नाही. पण चांगल्या चालकाला वाईट म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही. तू रागाव, चार दिवस चहा पाठवू नकोस, पण अहवाल बदलणार नाही. हिलाल पाटलाने एकदा सही केली की केली.

तुझा,
हिलालदादा

ता. क. अहवाल बदलला आहे.

नवनीत उठला, चहा घेतला, मी कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने दोनदा वाचला. मला वाटलं, आता पाया पडेल. तो म्हणाला, ‘दादा, समदं बराबर लिखं शे. फक्त नाव बदल. इमान मी नही उतारं, रविनानी उतारं.’ संध्या, तू चौतीस वर्षं पायलटची बायको आहेस, मला आधी सांगायचं नाही, की हे लोक पाळी लावून चालवतात? एका खेपेला एक जण चालवतो, दुसरा बोलतो आणि लक्ष ठेवतो! कालच्या खेपेला आपला नवनीत बोलत होता. म्हणजे मी नंदुरबारहून निघून, विमानतळावर शिट्टी खाऊन, एका सभ्य माणसाला भिजवून, भलत्याच चालकाची परीक्षा घेऊन आलो. ती दारात हसत होती ती याच्यासाठी! रविना अठ्ठावीस वर्षांची आहे आणि कुठली असेल? चिंचपाड्याची. आई तिथल्या दवाखान्यात नर्स होती. एका विमानाच्या एकाच केबिनमध्ये नंदुरबार जिल्ह्याची दोन माणसं, आणि कंपनीला याचं काही विशेष वाटलेलं दिसत नाही.

ता. क. दुसरा. संध्याकाळी रविना चहाला आली होती. मी अहवालावरचं नाव खोडून तिचं घातलं आणि तिला दिला. तिने तो तिच्या उड्डाणांच्या वहीत ठेवला. (पासष्टपर्यंत हरकत नाही, म्हणजे तिला अजून सदतीस वर्षं. तेवढी माझी जबाबदारी.) मग ती गेल्यावर नवनीत जे बोलला ते तसंच लिहितो. ‘दादा, तिनी पुन्हा वर लेवानं सांगं ना, तवय मन्हा मनमा अजून “जमी जाई” चालू व्हतं. कदाचित जमतंही. पण तिले मन्हा आधी दिखं.’ त्यांच्यात नियम आहे, दोघांपैकी कोणीही ‘पुन्हा’ म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. त्याने घातला नाही. चौतीस वर्षांत शेजारचा माणूस त्याच्या आधी बोलला, असं पहिल्यांदा झालं, आणि या पोरीला शिकवलं होतं त्यानेच. हे सांगताना तो हरलेला दिसत नव्हता ग. पोरगी पहिली आल्यासारखा फुलला होता. मग बॅगेतून तो कागद काढला, ‘साठ’च्या पुढे खूण केली, सही केली आणि म्हणाला, वहिनीच्या हातची खिचडी खावी वाटते. मी रडलो. मोठ्याने रडलो, शेजारच्या बिऱ्हाडातल्यांनी दार वाजवलं. संध्या, तू जिंकलीस! मांजराला सांग, एक फेब्रुवारीपासून दुसरी खुर्ची बघ.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर याच्यासाठी. पाकीट जड का लागलं ते आता कळेल. आत आपल्या जीपची चावी आहे, सवयीने खिशात घेऊन आलो होतो. दुसरी चावी धान्याच्या कोठीवर डब्यात आहे, तीही काढून घे. गेल्या महिन्यात तोरणमाळहून उतरताना धनू शेजारी बसली होती, ती एकदम ओरडली, ‘थांबाडा!’ मी ब्रेक मारला. पुढे रस्ताभर शेळ्या होत्या आणि त्यांच्यामागे एक म्हातारी. नातू पवनने घरी विषय काढला, की आजोबा, आता जीप मी चालवतो, तर मी त्याला असा झापला की तो जेवायला आला नाही. सगळ्यांना सांगत सुटलो, शेळ्या मला केव्हाच दिसल्या होत्या, बाई उगीच ओरडली.

पत्र उद्या सकाळीच स्पीड पोस्टाने टाकतो आहे. मी मंगळवारी गाडीने निघणार आणि भुसावळपर्यंत माझं मन नक्की बदलेल, म्हणून चावी माझ्या आधी पोचायला हवी. मी मागायला येईन. देऊ नकोस. आरडाओरडा करीन, थोरला जेठ म्हणून दरडावीन, तरी देऊ नकोस. पवनला दे.

आणि धनूला सांग, शेळ्या तिलाच आधी दिसल्या.