पसंतीला गेलेला मोरपंखी शालू

२७ एप्रिल, सोमवार
गिऱ्हाइकानं पसंतीला घरी नेलेलं कापड दुसऱ्या दिवशी परत येतं, हे मी शमीमभाभीला शिकवायचं का? दुकान तिचं. बायांनी एकदोनदा नेसलेल्या साड्या-घागरे ठेवून घ्यायचे, विकले की आपला वाटा कापून बाकीचे पैसे बाईला द्यायचे. एवढं जमतं, मग मागं लागून कापड आणायला काय होतं? म्हणलं, भाभी, कधीचा गेलाय माझ्या लेकीचा शालू, मला विकायचा न्हाई आता. तर म्हणती, "आक्का, शादी का घर है, दस औरतां देखतीं. आते ना."
आते ना, आते ना. कधी येतो पण? हट्ट्याहून वसमतला उन्हात जीपमधी दाबून घेऊन जा, आणि तिथं काय, तर पंखा आणि चहा. चहा पण गोडमिट्ट.

२८ एप्रिल
लतानं सकाळी पुन्हा पेटी उपसली. विचारती, "माय, माझा शालू?" म्हणलं, आत्यानं नेलाय बघायला. खोटं.
जावाई जाऊन दुसरं वर्ष चालू हाय. टेलर होता. लग्नात सगळे लाल घ्या म्हणत होते, त्यानं मोरपंखी पसंत केला आणि फॉल स्वतःच्या हातानं लावला, मशीन न्हाई. पोरगी पंधरा दिवसाला शालू काढायची, त्या टाक्यांवर बोट फिरवायची आणि मग दोन दिवस जेवायची न्हाई. म्हणून दिला मी दुकानात. डोळ्याआड झाला की विसरंल वाटलं. विसरली न्हाई. आता शालू बी न्हाई आणि जेवण बी न्हाई.

३० एप्रिल, गुरुवार
आज भाभीला दुकानातून उठवलंच. म्हणलं, चल, कोणाचं घर हाय दाखव. स्टेशनाकडच्या गल्लीत. दारात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. नवरीची आजी बाजंवर बसून गहू निवडत होती. मोठ्या तोंडाची बाई. माझ्यासारखीच.
म्हणली, "बाई, आता कसा देऊ? घडी मोडली, पदराला हळदीकुंकवाचं बोट लागलं. पोरीचं झालं ते कापड."
मी म्हणलं, न विचारता बोट लावलंच काहून?
"विचारलं की. ह्या भाभीला विचारूनच घेतलंय, कोण्या सवाशिणीचं हाय ना म्हणून. म्हणली, लेकीचं हाय, लेक जाड झाली, बसत न्हाई."
भाभीनं माझ्याकडं बघितलं. दुकानात मीच तसं सांगितलेलं. तिला तरी काय ठाऊक.
म्हातारी हसायला लागली. "साडी कुठं बसत न्हाई व्हय? जाड झाली तर दोन निऱ्या कमी घाल म्हणावं."
गव्हातला खडा काढून दिला तिला.
नवरी चहा घेऊन आली. बारीक, गव्हाळ पोरगी. म्हणली, "मावशी, लई आवडला मला. फॉलचे टाके किती बारीक हायत, दिसत बी न्हाईत." कप खाली ठेवला. तशीच उठले.

१ मे
ह्यांना सांगितलं. "तू दिला, तू आण." झालं, टोपी घालून पारावर.

२ मे, शनिवार
डोकं फिरून राहिलं. एक शब्द बोलले असते की काम होत होतं. माझी लेक विधवा हाय, एवढंच. म्हातारीनं शालू काठीनं ढकलून दिला असता माझ्याकडं. वर भाभीची इज्जत गेली असती, ते वेगळं.
पण कसं बोलू? गल्लीतल्या बाया लताला हळदीकुंकवाला वगळतात तेव्हा मी दारात जाऊन भांडते. काय केलं माझ्या पोरीनं, म्हणते. तिच्या हाताला काय किडे पडले का, म्हणते. आता मीच परक्याच्या दारात जाऊन सांगू, माझ्या लेकीचं कापड अपशकुनी हाय, तेवढं परत द्या?
आणि न्हाई बोलले तर त्या नवरीच्या अंगावर फसवून दिलेलं कापड. तिचं काय वाईट होणार, काही न्हाई होणार. तरी पण.

४ मे
लताला सगळं सांगावं लागलं. तिच्या आत्याचा तिला फोन आला, आत्याला शालूचं काही ठाऊक न्हाई. पकडले गेले.
ती एवढंच म्हणली, "मला विचारायचं तरी." भांडी घासून टाकली सगळी, घासलेली बी.
शमीमभाभीचा फोन. "आक्का, मेरे पे से इतबार गया क्या तुमारा?" काय सांगू. उलटं हाय, बाई, विश्वास तुझा उडायला पाहिजे माझ्यावरचा.

५ मे, मंगळवार
आज पोरगी बोलली. एवढं बोलली न्हाई कधी, तो गेल्यापासून.
"सांग त्यांना, विधवेचं हाय म्हणून."
"माझ्या तोंडून न्हाई निघणार."
"काहून? मी हायच ना."
"तू अपशकुनी न्हाईस."
"मग ते बी सांग. दोन्ही सांग. विधवेचं हाय, आणि त्यानं काही होत न्हाई. गल्लीत वरडून सांगती, तिथं सांगायला काय झालं?"
मी पीठ मळायला घेतलं.
मग हळू म्हणली, "सगळं कळून त्या पोरीनं ठेवून घेतला तर मी मागणार न्हाई, माय. नेसू दे तिला. न कळता नेसला तर मात्र तो चोरूनच गेला, त्याचा बी आणि माझा बी."
मी भाकरी थापायला घेतली. तिनं परात ओढून घेतली माझ्या हातातून. जेवली बी आज, अर्धी भाकर. त्याचा आनंद करू का भ्या धरू, कळंना.
जेवून हात धुता धुता म्हणली, "शनिवारी हळद हाय त्यांची. शुक्रवारी सकाळपर्यंत सांग मला. तू जाती का मी जाऊ."