पेडलवरचा पाय

३ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

आधी घडलं ते क्रमाने.

१. गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले. गाडी आता मागून बसत नाही.
२. मागचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले.
३. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला बाबांना पेडलवर बसवलं.
४. हवा निघाली नाही. उलट आत गेली.

चौथ्याबद्दल थोडं. आपल्या घरची पद्धत तुला माहीत आहे. चाकापाशी असलेल्याने दाबा म्हणायचं, पेडलवरच्याने दाबून धरलंय म्हणायचं, मगच चाकापाशीचा हवा सोडायचा नट सैल करायचा. काल बाबांनी धरलंय म्हटलं, मी नट सैल केला आणि त्यांचा पाय वर आला, तशी नळीने हवा आत ओढली. उठून पाहिलं तर हात स्टिअरिंगवर, डोळे अर्धे मिटलेले. गाडी स्टँडवर, मागची चाकं काढून भिंतीला टेकवलेली आणि बाबा कुठल्यातरी समुद्राकाठच्या रस्त्याला लागलेले. मला म्हणाले, काच वर कर, वारा लागतोय. गॅरेजचं दार बंद होतं. मी काच वर केली.

आजारपणानंतर ते एकाच आशेवर आहेत, की मागचं काम झालं की पहिली फेरी स्वतः मारायची. तसा शब्द मीच दिला होता. आता तो मोडायचा कसा, ते सांग.

तुझी माया पोहोचते. या वेळी सल्लाही पोहोचू दे.

धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र की सर्व्हिसिंगचा रिपोर्ट? शिक्का तेवढा मारायचा राहिला. पण तू काच वर केलीस हे दोनदा वाचलं. ढगात हत्ती दिसतो म्हटलं तर ती वाफ आहे म्हणून भांडणारी तू!

सल्ला असा, की घाई करू नकोस. एखादा वॉशर यायचाय म्हणून सांग. काम संपलंच नाही तर सांगायची वेळ येणार नाही. बसू देत त्यांना, फिरू देत. लांब राहून असं सांगणं सोपं जातं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.

रागावलीस तरी लिहायचं थांबवू नकोस.

दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

काही दिवस तुझं ऐकलं. वॉशर यायचाय असं सांगितलं. संध्याकाळी बाबा स्टिअरिंग धरून बसत, मी शेजारच्या सीटवर. दिव्याचा उजेड काचेवर पसरला की समोरची भिंत दिसेनाशी होते, हे खरं आहे. एकदा मलाही पाण्याचा वास आला. रेडिएटर गळत नव्हता, तपासलं.

पण वॉशर माझ्या खिशात होता, आणि अर्धवट ब्रेकची गाडी घरात असली की मला चैन पडत नाही. काल सांगून टाकलं, बाबा, त्या दिवशी तुम्ही धरलंय म्हणालात, पण पाय उचलला होतात. त्यांनी विचारलं, कुठल्या वळणावर. मी म्हटलं, उतारावर, समुद्र दिसायला लागतो तिथे. त्यांनी मान हलवली. म्हणाले, तिथे रस्त्यात माणसं असतात गं.

मग खाली उतरले, मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसले. नव्या स्प्रिंगा मागे असताना पुढे बसायचा वेडेपणा कोण करेल, असं वर मलाच सुनावलं. मी पाठीला उशी आणून दिली.

हवा अजून नळीतच आहे. माझे दोन्ही हात चाकापाशी अडकतात, पेडलवर दुसरं कुणीतरी हवं. रविवारी येतोस का, ते शुक्रवारपर्यंत कळव.

धाकटी