रिकामी पिशवी, एक शिक्का

रवि. ६ ऑक्टो. २००२
आजपासून बिल्ला योजना सुरू. शाळेतून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, आज पुन्हा वर्गावर गेल्यासारखं वाटलं. प्राण्यांच्या पार्कच्या साहेबांनी (मालक, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढे) माझी पुस्तिका एक अक्षर न बदलता छापली. आई-वडील-मुलं सगळ्यांनी मिळून सहा उपक्रम करायचे, प्रत्येकाला एक शिक्का, सहा झाले की 'प्राणिमित्र' बिल्ला. मुलांना पिटाळून आईबापांनी झाडाखाली बसायचं नाही, हा नियम माझा.
अकरा कुटुंबं आली. पायाचा ठसा बकरीचा की मेंढीचा यावरून एक वडील मुलीशी चक्क भांडले. मुलगी बरोबर होती.
येताना द्वारका चौकात रिक्षा अर्धा तास अडकली. गुडघा ठणकतोय.

रवि. १३ ऑक्टो.
चाऱ्याच्या उपक्रमात लबाडी. मक्याची पिशवी देतो, ती तशीच खिशात ठेवतात आणि "दिला चारा" म्हणून शिक्का मागतात. एक बाई तर म्हणे घरी कबुतरांना नेणार होत्या. तोडगा काढला. पाटीवर लिहून टाकलं: रिकामी पिशवी दाखवा, शिक्का घ्या.
सौ. हसली. "शाळेत डबे रिकामे दाखवायला लावायचात, तसंच."
तसंच. कोणाचं काही वाईट झालं नाही त्याने.

रवि. २० ऑक्टो.
काशिनाथशी वाजलं. हा शेळ्यामेंढ्या सांभाळतो. पेठ तालुक्याकडचा, पार्कच्या मागच्या खोलीत बायको आणि मुलीबरोबर राहतो. संध्याकाळी मेंढ्यांच्या वाड्यातला सांडलेला मका केरसुणीने गोळा करत होता. रोज करतो म्हणे. टोपली भरली होती.
"सर, लोकं पिशवीच उलटी करत्यात. दाना लय होतो. पोट भरलं तरी मेंढी थांबत नाय."
मी म्हणालो, "तू जनावरं बघ, माणसं मी बघतो."
तो झाडत राहिला. जरा जास्त बोललो का? पण पस्तीस वर्षं शिकवलंय, मला याने...

बुध. ६ नोव्हें. भाऊबीज
अफाट गर्दी. ओवाळून झालं की सगळा गोतावळा पार्कात. टेबलाची रांग उंटाच्या कुंपणापर्यंत. मी एकटा, शिक्के मारू की बिल्ले लावू? बारा वाजता काशिनाथला हाक मारली.
"वाड्यात कोन बघंल, सर?"
"तासाभराने काही होत नाही. ये."
तासाभराचे साडेपाच वाजले. पण हात हलका त्याचा, एकाही पोराला पिन टोचली नाही. शेवटी खाली बघत म्हणाला, "एक आमच्या सुमनला द्याल का? आठवीत हाय." सांगितलं, सहा शिक्के लागतात, नियम सगळ्यांना सारखा. कोरी पुस्तिका मात्र दिली.
मग तो केरसुणी घेऊन वाड्यात गेला आणि लगेच परत आला. "सर, झाडायला कायच नाय."
बरं झालं, काम वाचलं, असं मनात आलं. रिकाम्या पिशव्यांनी खोकं भरलं होतं. समाधान वाटलं. हे लिहून ठेवतो, तेव्हा समाधान वाटलं.

गुरु. ७ नोव्हें.
सकाळी पार्कातून फोन. चार मेंढ्या, दोन शेळ्या गेल्या. बाकीच्या दात खात पडलेल्या. डॉक्टरांनी एकीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "दाणा. पोटात आंबलाय." काशिनाथ प्रत्येकीची डावी कूस चाचपत फिरत होता, सोड्याचं पाणी पाजत होता. मला म्हणाला, "हिचं तोंड धरा, सर." धरलं. पाणी सगळं बाहेर आलं. गाभण होती. माझ्या मांडीवर मान टाकली तिने.
पाटीवर अजून माझं अक्षर. रुमाल सापडेना, तळहाताने पुसलं.

शुक्र. ८ नोव्हें.
एकूण नऊ.
साहेबांनी दोघांना बोलावलं. काशिनाथला विचारलं, "जागा सोडून कुठे होतास?"
त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखाद्यावर भलता आळ आला की तो बघायचा तसं. सरांना माहीत आहे, सर सांगतील.
मी चष्मा काढून पुसत बसलो.
तोच म्हणाला, "चुकलं, साहेब. जायला नको व्हतं."
रविवारपर्यंत खोली सोड म्हणाले.
घरी सौ.ने विचारलं, "तुम्हीच बोलावलंत त्याला, हे सांगितलंत ना?"
हो म्हणालो.

रवि. १० नोव्हें.
तिघं गेली. एक ट्रंक, दोन गाठोडी. सुमनच्या पाठीला दप्तर. मी टेबलावर होतो. उठून फाटकापर्यंत जायला किती पावलं? गेलो नाही. वॉचमन म्हणाला, त्यांच्या पाड्यावरची शाळा सातवीपर्यंतच आहे.
साहेबांना आज सांगणार होतो. जवळ दोन पालक उभे होते. उद्या.

मंगळ. १२ नोव्हें.
साहेब मुंबईला.

शनि. २३ नोव्हें.
साहेब कधीचेच परत आलेत. मीच तोंड चुकवतोय. आज त्यांनीच गाठलं. नाताळच्या सुट्टीत योजना मोठी करायची, नव्या मेंढ्या येणार. "सर, तुमच्यासारखा भरवशाचा माणूस नाही हो. त्या काशिनाथने नाव खराब केलं." मी मान हलवली. हो अशी की नाही अशी, माझं मलाच ठाऊक नाही.
लाज वाटते. इथे लिहायला लाज वाटत नाही, कारण इथे कोणी वाचत नाही. एवढंच माझं धाडस.

गुरु. १२ डिसें.
पार्कच्या पत्त्यावर माझ्या नावे पाकीट. आत ती पुस्तिका. सुमनने पेन्सिलीने पूर्ण भरलेली. ठशाच्या चौकटीत बकरीचा खूर चिखलात बुडवून उमटवलाय. लोकरीच्या चौकटीत, मेंढी मिळाली नसावी, बकरीचे केस चिकटवून खाली खरं ते लिहिलंय: बकरी. कुटुंबाच्या रकान्यात तिघांची नावं, आईचा अंगठा.
चाऱ्याचं पान. 'प्राण्याला किती द्यावे?' उत्तर: 'एक मूठ. मग थांबून बघावे. बाबा असेच करतात.'
'शंका आल्यास कोणाला विचारावे?' प्रश्न माझाच. मुलं 'डॉक्टर' लिहितात, मी बरोबर धरतो. हिने लिहिलंय: 'जो रोज सांभाळतो त्याला. आता तिथे कोण आहे ते मला माहीत नाही.'
शेवटच्या पानावर: 'सर, आम्ही तिघांनी मिळून केले आहे. मी आता शाळेत जात नाही, पण अक्षर चांगले काढले आहे. नियमात बसत असेल तर शिक्के मारावेत.'
नियमात.
शाळेची सहल आली होती, टेबलाशी बसून वाचत होतो. रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "काका, डोळ्यात काही गेलं का?"

शनि. १४ डिसें.
सकाळी सौ.ला खरं सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. मेथी निवडत होती, हात थांबला नाही. "महिनाभर मी पोळी वाढत्ये तुम्हाला," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने, "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगा."
साहेबांना पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'गर्दीमुळे' आलं, फाडलं. दुसऱ्यात 'अनवधानाने', तेही फाडलं. आता चारच ओळी आहेत. काशिनाथला मी बोलावलं. त्याने आधी बजावलं होतं. नियम माझा होता. त्याला परत घ्या, मला काढा.
कागदावर सोपं दिसतं.
उद्या रविवार. टेबल दहाला लागतं, साहेब अकराला येतात. पत्र, सुमनची पुस्तिका, एक बिल्ला, शिक्का, शाईचा पॅड, सगळं कापडी पिशवीत भरलंय. शिक्के अजून मारले नाहीत. पत्र दिल्याशिवाय मारायचा मला हक्क नाही.
सौ.ने पिशवी उचलून दाराच्या खुंटीला अडकवली. म्हणाली, "उद्या आल्यावर रिकामी दाखवा मला."