शेठचा ट्रक

खारी, मंगळवार, फेब्रुवारी १९७१

अक्कल गहाण टाकली होती आम्ही. शेठविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन मंत्र्यांकडे गेलो, आणि तेही शेठच्याच ट्रकातून!

शाळेची भिंत पडल्यापासून माझी पोरं देवळात बसतात. गावाची जमीन शेठ घराण्याच्या कंपनीची, म्हणून भिंत बांधायलाही कंपनीची परवानगी लागते. ती काही मिळत नाही. शेवटी आज सगळे मुंबईला निघालो. ट्रक चालवणारा माझा मेव्हणा महादू म्हणाला, "मीठ घेऊन जातोयच, बसा गोण्यांवर." कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी म्हणे मास्तर! पण गावात दुसरी गाडी आहेच कुणाची?

मंत्री बंगल्याच्या गॅलरीत आले ते आमच्याकडे बघेनातच. फाटकाबाहेरचा ट्रक बघत राहिले. दारावर शेठचं नाव, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. हसून म्हणाले, "अहो, यायला गाडी देतात, अजून काय करायचं त्यांनी?"

आमचे म्हातारे आबा तडकले. "सायेब, त्यांनी न्हाय दिली, आमीच आनली हाय."

"न विचारता?"

महादू मान खाली घालून उभा. त्याची नोकरी जाणार, दुसरं काय? मीच पुढे होऊन म्हणालो, "नाही साहेब, शेठनीच दिली."

"मग तुमचे आभार कळवतो त्यांना," म्हणाले आणि आत गेले.

आभार! भिंतीचा विषयसुद्धा निघाला नाही. आणि परत आलो तेही त्याच ट्रकातून.