तेहतीस मंजूर, एक नामंजूर

कामरगाव,
शनिवार, दुपार

आदरणीय संघपालमामा यांस,

तुमच्या भाचीचा, म्हणजे धम्मदीपाचा, हात जोडून जय भीम. मामींचे गुडघे आता कसे आहेत? उत्कर्षची परीक्षा झाली का? आणि तुमच्या दवाखान्यातल्या केस-पेपरच्या खिडकीपुढची रांग थोडी तरी कमी झाली का? (झाली नसेलच. लोक आजारी पडायचे थांबत नाहीत आणि तुमची ती एकच खिडकी.) इकडे आईची तब्येत उत्तम आहे. मीही जिवंत आहे, आणि गुरुवारी जे घडलं त्यानंतर एवढंही कमी नाही असं मला वाटतं. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर न लिहिता कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नका. गुरुवारपासून तुम्ही घेऊन दिलेल्या फोनवर काही लिहायची मला धास्तीच वाटते.

मामा, माझी बी.एड. झाली तेव्हा तो फोन हातात देऊन तुम्ही म्हणाला होता, "बाई, आपल्या घरात तू पयली शिकली. आता एकटीच शिकून बसू नको." ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. म्हणून वाशीमला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं (विषय होता इंग्रजी अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाजमाध्यमे), तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून छत्तीस पानं टिपणं काढली. बाकीचे शिक्षक नाश्त्याचं कुपन शोधत होते. परत आल्याबरोबर मी आठवीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. 'रोज एक शब्द' नावाने रील टाकायला लागले. (एक रील एकसष्ट जणांनी पाहिली असं दिसत होतं. नंतर कळलं की त्यातली चाळीस वेळा आईनेच पाहिली होती. शब्दासाठी नाही, मी कोणती साडी नेसले ते शेजारणीला दाखवायला.) आणि मुलांना एआय कसं वापरायचं तेही शिकवलं. ते चुका सुधारून देतं, न कंटाळता समजावून सांगतं, हसत नाही. आपल्या मुलांना इंग्रजी बोलताना सगळ्यात जास्त भीती हसण्याचीच वाटते, म्हणून मला तर ते यंत्र म्हणजे देवमाणूसच वाटलं होतं.

माझी नेमणूक मार्चपर्यंतचीच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे विस्तार अधिकारी साहेब माझा एक पाठ पाहून जो शेरा लिहितील त्यावर ठरणार होतं. ते कधी येतील हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

आता मूळ चूक सांगते, आणि ती माझीच. प्रशिक्षणात एक वाक्य होतं की मुलांच्या लिखाणाला खरा वाचक मिळाला पाहिजे. मला ते इतकं पटलं की मी आठवीला स्वाध्याय दिला: रजेचा अर्ज इंग्रजीत लिहा, आणि मला दाखवू नका, थेट मुख्याध्यापकांना नेऊन द्या. फळ्यावर नमुना म्हणून येत्या गुरुवारची तारीख टाकली. गणितात आंबे विकत घेतात तशीच ती तारीख, असं मला वाटलं. मुन्नाने एआयकडून पहिला अर्ज लिहून घेतला आणि ग्रुपवर टाकला. मग प्रत्येकाने त्याच यंत्राकडून आपापलं कारण नवं करून घेतलं. तारीख मात्र कोणी बदलली नाही. तेहतीस अर्ज तयार झाले, सगळे स्वच्छ, सगळे नम्र, सगळ्यांच्या शेवटी, अर्थात इंग्रजीत, 'आपल्या सहृदय विचाराची अपेक्षा करीत'. गोलूला तर या शब्दांचा अर्थ काय असं मी आज विचारलं, तर तो म्हणाला, "ते शेवटी लावाच लागते मॅडम, उदबत्तीसारखं."

आमचे मुख्याध्यापक गोपीचंद सर तुम्हाला चांगले माहीत आहेत, कारंज्याला तुम्ही दोघं एका बाकावर होता. माणूस मनाने सोन्यासारखा. पण त्यांची एक पद्धत आहे. मराठी कागद आला की ते तो तीन वेळा वाचतात, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचतात, मग उद्या या म्हणतात. इंग्रजी कागद आला की लगेच सही. कारण वाचत बसलं तर शेजारी उभा असलेला माणूस विचारेल की सर, काय लिहिलं आहे? म्हणून सोमवारी तेहतीस अर्जांवर तेहतीस वेळा 'मंजूर', सही आणि शाळेचा गोल शिक्का. एक प्रत सरांनी फाइलला लावली, दुसरी पोरांनी घरी नेली. कापसाची वेचणी सुरू आहे, घरोघर माणसं कमी. शिक्का पाहून आईबापांना वाटलं, शाळेनेच दया केली.

चौतिसावा अर्ज वैष्णवीचा होता. तिच्या घरी मोबाइल नाही. तिने वहीचं पान फाडून स्वतःच लिहिलं: 'सर, थर्सडे नो कम. मदर हॅन्ड पेन. आय कॉटन पिक.' हा अर्ज सरांनी पूर्ण वाचला, कारण तो वाचता येत होता. आणि त्यावर लाल शाईने लिहिलं: 'नामंजूर. इंग्रजी सुधारावे.'

मंगळवारी निरोप आला, साहेब गुरुवारी येणार. मी ग्रुपवर टाकलं, सर्वांनी हजर राहावे. तेहतीस अंगठे वर आले. (मामा, त्या वर केलेल्या अंगठ्यावर जगात कोणीही विश्वास ठेवू नये. पालक तो वाचल्याबद्दल देत नाहीत, फोन वाजायचा थांबावा म्हणून देतात.)

गुरुवारी मी नवी साडी नेसून, प्रोजेक्टर लावून, बेचाळीस चित्रं तयार ठेवून वर्गात गेले. वर्गात वैष्णवी होती. दुसरं कोणी नव्हतं. मला आधी वाटलं मी चुकीच्या खोलीत आले. बाहेर जाऊन पाटी वाचली, आठवीच होती. तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या मागे गोपीचंद सर, ज्यांच्या चेहऱ्याचा रंग भिंतीच्या चुन्यात मिसळून गेला होता.

साहेबांनी मुलं कुठे म्हणून विचारलं आणि सरांनी अर्जांची फाइल पुढे केली. साहेबांना इंग्रजी येतं, हे आमचं दुर्दैव. ते एकेक अर्ज मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लागले. सपनाची पियानोची परीक्षा होती. मुन्नाला कुटुंबाच्या वकिलांना भेटायचं होतं. एक जण बर्फावरून घसरून जखमी झाला होता, कामरगावात, नोव्हेंबरात. आणि गोलूची आजी सोजरबाई अचानक वारल्याने घरावर दुःखाचा डोंगर कोसळला होता. नेमक्या त्याच वेळी साहेबांसाठी चहा घेऊन सोजरबाई आत आली. ती आमच्या शाळेत खिचडी शिजवते, हे साहेबांना माहीत नव्हतं, पण नाव ऐकून तीच थांबली.

"कोन मेलं? म्या?" ती म्हणाली. "मंग हा चहा कोनं केला, माह्या भुतानं?"

मी आयुष्यात इतकी कधी हादरले नव्हते. माझ्या विद्यार्थ्यांनी खोटं लिहिलं म्हणून नाही फक्त. आपण काय लिहिलं हे त्यांनाच माहीत नव्हतं! लिहिणाऱ्याने वाचलं नाही, सही करणाऱ्याने वाचलं नाही, घरच्यांनी वाचलं नाही. तेहतीस अर्ज अख्ख्या गावातून फिरून आले आणि वाटेत त्यांना एकही वाचक भेटला नाही.

साहेब खाली बसले आणि वैष्णवीला इंग्रजीत म्हणाले, तुझे मित्र कुठे आहेत? ती उभी राहिली. म्हणाली, "सर, ऑल लीव्ह. मी नो लीव्ह." का, तर, "माय इंग्लिश बॅड." मग दप्तरातून तो लाल शाईचा कागद काढून साहेबांपुढे धरला आणि म्हणाली, "सर, यू गिव्ह?"

साहेबांनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली. वैष्णवीने दप्तर उचललं, मला 'थँक्यू मॅडम' म्हणाली आणि शेताकडे गेली. माझ्या पाठाला आता शून्य विद्यार्थी आणि बेचाळीस चित्रं होती. साहेबांनी शेरा लिहिला: 'एका विद्यार्थिनीने इंग्रजीत मागणी केली व ती मिळवली. उर्वरित तेहतीस मागण्या नेमक्या कोणी केल्या, याचा लेखी खुलासा संबंधित शिक्षिकेने मुख्याध्यापकांमार्फत इंग्रजीत सादर करावा.'

तर मामा, असा हा प्रकार. पण काळजीचं कारण नाही. काल मी खुलासा दिला आणि सरांनी तो लगेच मंजूरही केला. आज वर्गात मी मुलांना एक तास बोलले: न वाचलेल्या कागदाखाली आपलं नाव लिहिणं म्हणजे आपलं तोंड दुसऱ्याला भाड्याने देणं. मुलं खाली मान घालून ऐकत होती. मामींना नमस्कार, उत्कर्षला आशीर्वाद.

आपली भाची,
धम्मदीपा

ता.क. (रविवार) हे पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. काल संध्याकाळी आई म्हणाली, "तुया खुलासा वाचून दाखव." मी म्हटलं, आई, तो इंग्रजीत आहे, आणि साहेबांकडे जायचाही आहे. तर म्हणाली, "मंग मराठीत सांग. म्या अंगठा द्याच्या आंधी सावकाराचा कागदबी वाचून घेतो. तुनं तं सही केली, तुले नाई ठावं काय?" मामा, तुमच्यापासून काय लपवू. शुक्रवारी मी इतकी घाबरले होते की खुलासा त्या यंत्राकडूनच लिहून घेतला. चांगला दीड पानांचा, अत्यंत नम्र. पहिलं पान मी वाचलं होतं. आईला दुसऱ्याचा अर्थ सांगता सांगता मी मध्येच थांबले. तिथे लिहिलं होतं की झाल्या प्रकाराची नैतिक जबाबदारी स्वीकारून मी महिनाअखेर पदाचा राजीनामा देत आहे. खाली माझी सही. त्याखाली 'मंजूर', आणि गोल शिक्का. आईने तिची लोखंडी पेटी उघडली आणि फोनसाठी हात पुढे केला. तो तेव्हापासून तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली आहे. मामा, मी सरांना काय सांगू? मी वाचलं नाही म्हणावं तर शनिवारचं ते भाषण! तुम्ही बाकावरचे दोस्त आहात. पत्र मिळताच सुट्टी काढून या आणि सरांना समजवा. कृपा करून वऱ्हाडीत समजवा.

आणखी ता.क. (सोमवार, शाळा सुटल्यावर) येऊ नका. वैष्णवीने सकाळीच सरांना दुसरा अर्ज दिला. माझ्या आईने तिला सगळं सांगितलं होतं. (आईला गुपित सांगणं म्हणजे ग्रुपवर टाकणंच.) अर्ज असा होता: 'सर, मॅडम नो गो. मॅडम माय इंग्लिश नो लाफ. अँड सर, वेन्सडे लीव्ह. मदर हॉस्पिटल.' सरांनी मला बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हा अर्ज मले आखा समजला. ते तेहतीस नोते समजले. तुमचाबी नोता समजला. राजीनामा होता काय त्यात? काहून देता बाप्पा?" मी खरं ते सांगितलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग राजीनाम्यावरचं 'मंजूर' खोडलं आणि वैष्णवीच्या अर्जावर लिहिलं: 'दोन्ही मागण्या मंजूर.' साहेबांना आता मी हाताने लिहिलेला खुलासा जाईल. नऊ ओळींचा आहे. मार्चनंतर काय होईल ते त्यांच्या हातात.

आता खरी विनंती. एवढ्या गोंधळात वैष्णवीच्या पहिल्या अर्जात जे लिहिलं होतं त्याकडे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही. वैष्णवीच्या आईचा, भागिरथाबाईंचा, उजवा हात दीड महिन्यापासून खांद्यापर्यंत दुखतो आहे आणि त्या तसाच कापूस वेचत आहेत. बुधवारी पहिल्या गाडीने दोघी हे पत्र घेऊनच तुमच्या खिडकीवर येतील. त्यांना परत पाठवू नका, हाडांच्या डॉक्टरांपर्यंत तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि मामा, वैष्णवीने ठरवलं आहे की काय होतं ते ती इंग्रजीत सांगणार. हसू नका. कळलं नाही तर नुसता शिक्का मारू नका, विचारा.