माझ्या मशीनचं कुंकू

तिरुपूर

अक्का,
चुका झाल्या तर हसू नको, मोबाईलवर एकेक अक्षर शोधत लिहितेय. मी बरी आहे, अम्माला तेवढंच सांग. तिचा खोकला कसाय?

आमच्या कपड्यांच्या कारखान्यातला इस्त्रीवाला धनपाल पोरींना मुद्दाम धक्के देतो, हे मी सुपरवायझरला सांगितलं. तो हसला आणि धनपालला माझं नाव सांगून मोकळा झाला. आता धनपाल म्हणतो, "बोटं सांभाळ गं."

आयुधपूजेला अवजारं पुजून कुंकू लावल्यावर त्या दिवशी शिलाई मशीनला कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याच मशीनचं कुंकू फिसकटलेलं होतं, सुईचा स्क्रू सैल; चालवली असती तर सुई बोटात घुसली असती. सुपरवायझर म्हणे, "उंदीर असेल."

शेजारच्या मशीनवरच्या मरुदायीअक्काने धनपालला हटकलं, "इकडे काय घोटाळतोस रे? इस्त्री गार पडली का?" तरी सुई तपासल्याशिवाय मी मशीनचं पेडल दाबत नाही.

अगं, हॉस्टेलच्या मांजरीला पिल्लं झाली!

तुझी पूंगोडी